चाळीस ओळी आणि डिझाइनचं टेबल

माझे वडील पलूसला चारचौघांत बसले की सांगतात, "आमची पोरगी साखर कारखान्याची मशिनं काढती." मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. मी मशिनं काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या मशिनांच्या प्रिंट काढते.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी कामाला आहे. साखर कारखान्यांना लागणारे रस तापवायचे हीटर, टाक्या, पाइपांची जाळी असलं सगळं तिथं बनतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात झाला, लग्न होऊन साताऱ्याला आले, आणि लगेच ही नोकरी मिळाली. मुलाखतीत डिझाइनच्या साहेबांनी माझी डिप्लोमाची ड्रॉइंगं उलटीपालटी करून बघितली, कौतुक केलं आणि म्हणाले, "सुरुवातीला प्रिंटचं बघा. हात बसला की डिझाइनला घेऊ." सहा वर्षं झाली तरी ही सुरुवात चालूच होती.

प्रिंट काढणं म्हणजे बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बसावं. एका हीटरची साठ-पासष्ट ड्रॉइंगं असतात. कुठलं मोठ्या कागदावरचं, कुठलं लहान. प्रत्येक फाइल उघडायची, चौकटीचे दोन कोपरे धरायचे, कागदाचा आकार निवडायचा, प्रमाण निवडायचं, रेघांची जाडी लावायची, एकदा बघायचं आणि मग सोडायचं. एक जरी गोष्ट चुकली तरी अर्धा हीटर कागदाबाहेर. वरून "झालं का मॅडम, अजून किती वेळ?" हे चालूच. मग घड्या घालायच्या, ड्रॉइंगचा नंबर वर येईल अशा. मग शिक्का मारायचा, आणि गठ्ठा घेऊन खाली वर्कशॉपमध्ये जायचं. एका हीटरला अर्धा दिवस. वर्षाला असे किती हीटर, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

दरवर्षी पगारवाढीच्या वेळी मी साहेबांना विचारायची. साहेब वाईट माणूस नव्हे. चहा पाजतील, घरचं विचारतील. पण डिझाइनचं नाव काढलं की म्हणायचे, "तुमची लायकी आहे हो. पण मग प्रिंटचं कोण बघणार?" सहा वर्षं हे एकच उत्तर. शेवटी मला वाटलं, ठीक आहे, प्रिंटचं बघायला कुणी लागणारच नाही असं करून ठेवू. मग काय सांगतील?

तेव्हा मी प्रोग्राम लिहायला घेतला. मला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला छोट्या छोट्या सूचना लिहून देता येतात, एवढं ऐकून होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मोबाइलवर व्हिडिओ बघायची, हिंदीतले, इंग्रजीतले, एकच व्हिडिओ चार-चारदा. पहिल्या दिवशी प्रोग्रामनं साध्या पानावर मावणारं ड्रॉइंग दोन हात रुंद कागदावर छापलं. दुसऱ्या दिवशी काहीच छापलं नाही आणि संगणक बंद पडला. साहेब जाता जाता बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, काय प्रयोगशाळा उघडलीय काय?" मी हसायची. राग यायचा, पण हसायची. ती सवय मला फार जुनी.

गणपतीच्या सुमारास तो चालला. चाळीस ओळी होत्या. फोल्डर दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. तो एकेक फाइल उघडायचा, चौकटीतून कागदाचा आकार स्वतः ओळखायचा, रेघा नीट लावायचा, छापायचा, पुढं जायचा. पहिल्यांदा अख्खा हीटर वीस मिनिटांत छापून झाला तेव्हा मी छपाईच्या यंत्राशेजारी उभी राहून नुसती बघत होते. कागद येतोय, येतोय, आणि मी कशाला हात लावत नाहीये. लग्नात झाला नव्हता एवढा आनंद मला झाला, खोटं कशाला सांगू.

त्यातली एक ओळ मात्र मला माहीत असून मी चुकीची लिहिली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या ऑफिसात एका ड्रॉइंगच्या चार-पाच फाइली असतात. पहिली 'फायनल'. बदल झाला की 'फायनल नवीन'. मग 'फायनल खरा'. आणि गिऱ्हाइकानं पुन्हा काही सुचवलं की 'फायनल खरा शेवटचा'. हसू नका, तुमच्याही ऑफिसात असंच असेल. जुनी फाइल कुणी काढून टाकत नाही, कारण कधी लागली तर? हातानं प्रिंट काढायची तेव्हा कुठली फाइल घ्यायची हे मला तोंडपाठ होतं. प्रोग्रामला कसं कळणार? म्हणून मी त्याला सांगितलं, एकाच नंबरच्या अनेक फाइली असतील तर जिची तारीख सगळ्यांत अलीकडची, ती छाप.

दिसायला बरोबर आहे. पण साहेबांची एक सवय होती. नव्या गिऱ्हाइकाला अंदाज द्यायचा असला की ते जुनी ड्रॉइंगं उघडून बघत बसायचे. बंद करताना संगणक विचारतो, बदल साठवू का? साहेब दरवेळी 'हो' दाबायचे. बदल केलेला नसायचा, पण विचारतंय तर हो म्हणावं, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळं पाच वर्षांपूर्वीच्या फाइलवर आजची तारीख पडायची. हे मला माहीत होतं. प्रोग्राम लिहितानाही डोक्यात आलं. मी साहेबांकडे गेलेही, म्हटलं, "सर, जुन्या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू या. चालू फोल्डरमध्ये एकच ठेवू." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "इतक्या वर्षांत काही अडलंय का?" मी परत येऊन बसले. मनात म्हटलं, नंतर बघू. ते नंतर कधी आलं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मालक वर्कशॉपमध्ये आले. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येकजण आपापलं हत्यार पूजेला मांडतो. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला ऊस बांधलेला, खाली पाटावर नट आवळायचे पाने, पंच, हातोडे, मोजपट्ट्या. साहेबांनी ऑफिसातला लॅपटॉप आणि लहान प्रिंटर आणून मध्यभागी ठेवला आणि मालकांना प्रोग्राम चालवून दाखवला. प्रिंट फडाफड बाहेर यायला लागल्या. मालक खूश. "कुणी केलं हे?" साहेब म्हणाले, "आम्ही डिपार्टमेंटमध्ये डेव्हलप केलं, सर." मी दोन हात अंतरावर उभी होते, हळदीकुंकवाचं तबक घेऊन. ऑफिसात मी एकटीच बाई, त्यामुळं तबक माझ्याकडे.

वर्कशॉपचे फोरमन तिथंच होते. मूळचे माण तालुक्यातले, वय झालेलं, बोलायला रांगडे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. गठ्ठा घेऊन खाली गेले की ते प्रत्येक कागद उलगडून बघायचे आणि दोन-चार शंका विचारायचे, त्यामुळं आमची ओळख पक्की. मला म्हणाले, "ताई, तुमचं हत्यार कुटं हाय पुजंला?"

मी लॅपटॉपकडं बोट केलं.

"त्ये तुमी केलंया व्हय? मग हळद तुमीच लावा की. सायेब कशाला लावत्यात?"

हे ते जरा मोठ्यानंच बोलले. साहेबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पुढं होऊन लॅपटॉपला हळद लावली, आणि त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता झालं, आता डिझाइनचं टेबल मला देतीलच.

टेबल काही मिळालं नाही. झालं ते असं, की वीस मिनिटांत हीटर छापून होतो म्हटल्यावर इतर खात्यांच्या प्रिंटही माझ्या गळ्यात पडल्या. खरेदीवाल्यांच्या, तपासणीवाल्यांच्या, बाहेरून कामं करून घेतात त्यांच्या. काम कमी करायला प्रोग्राम लिहिला आणि काम तिप्पट झालं. खाली गठ्ठा घेऊन जायलाही वेळ उरला नाही. शिपाई न्यायला लागला. साहेब कौतुकानं म्हणायचे, "मॅडमनी प्रिंटिंग अगदी फास्ट केलंय." ते कौतुक ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढच्या मे महिन्यात सांगलीकडच्या एका कारखान्याची ऑर्डर आली. गाळप बंद असतं तेव्हाच जुने हीटर काढून नवे बसवायचे असतात, त्यामुळं घाई. हीटरला दोन्ही टोकांना एकेक जाड, गोल प्लेट असते, चाळणीसारखी शेकडो भोकं पाडलेली. त्या भोकांतून नळ्या जातात. गिऱ्हाइकानं या वेळी नळ्या वाढवून मागितल्या होत्या, म्हणून भोकांमधलं अंतर कमी केलेलं. ते 'फायनल खरा शेवटचा' मध्ये होतं. पण त्याच आठवड्यात साहेबांनी कुठल्याशा चौकशीसाठी जुना 'फायनल' उघडून बघितला होता आणि सवयीप्रमाणे 'हो' म्हटलं होतं.

माझ्या प्रोग्रामनं जुना छापला. मी शिक्का मारला. शिपायानं खाली नेला. दोन प्लेटा तीन दिवस ड्रिलवर होत्या. मग हीटरच्या मध्ये नळ्यांना आधार देणाऱ्या प्लेटा बाहेरून भोकं पाडून आल्या, त्या बाहेरच्या लोकांना ड्रॉइंग घाईत थेट डिझाइनमधून मेलनं गेलेलं, म्हणजे नवं. दोन्ही समोरासमोर उभ्या केल्या तर एकही नळी आरपार जाईना. पोलादाचे दोन थाळे भंगारात, आणि कारखान्याचे लोक रोज फोन करतायत.

मी वर येऊन फाइल तपासली. फाइल शेवटची कुणी आणि कधी साठवली हे तिच्या माहितीत नोंदलेलं असतं. साहेबांचं नाव होतं, तारीख होती, वेळही होती. मी ते पान छापलं. घडी घालून हातात ठेवलं.

मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं, साहेबांना, मला आणि मामांना. जिन्यात साहेबांनी मला थांबवलं. ते घाबरलेले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत काही बोलू नका. मी सांभाळून घेतो. नवीन गोष्ट आहे, होतं असं, असं सांगतो. तुमच्यावर काही येऊ देणार नाही." मग म्हणाले, "येत्या एप्रिलमध्ये डिझाइनला तुम्हालाच बसवतो. शब्द देतो."

त्यांना कागदाचं माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. अंदाज असावा.

आत मालकांनी विचारलं, "जुना कागद खाली गेलाच कसा?"

साहेब म्हणाले, "सर, तो मॅडमचा प्रोग्राम आहे ना, त्यानं जुनी फाइल उचलली." खंडेनवमीला डिपार्टमेंटचा असलेला प्रोग्राम त्या क्षणी मॅडमचा झाला. मालकांनी माझ्याकडं बघितलं. कागद माझ्या मुठीत होता. तोंड उघडायचं होतं, एवढंच. पण मला समोर ते टेबल दिसत होतं, खिडकीजवळचं, ज्याच्यासाठी मी सात वर्षं थांबले होते. मी मूग गिळून उभी राहिले.

बोलले ते मामा. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. "मालक, शिक्का बघितला आन् मार्किंग केलं. नळ्या वाढल्यात आसं ऐकलेलं, तरी भोकाचं अंतर मागल्या वर्सागतच दिसलं तवा मनात आलं हुतं. आदी ताई सोता खाली यायच्या, त्यास्नी इचारायचो. आता गठ्ठा शिपाई टाकून जातोय. तरीबी वर येऊन इचारायला पायजे हुतं. चूक माजीबी हाय."

चूक त्यांची नव्हती. शिक्का असलेल्या ड्रॉइंगवर शंका घेणं हे त्यांचं कामच नव्हतं. पण केबिनमध्ये चूक कबूल करणारा तो एकच माणूस होता, त्यामुळं लेखी समज त्यांना मिळाली. मला पुढं काळजी घ्यायला सांगितलं. साहेबांना काहीच नाही.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "तुमच्या हातात कागुद हुता. कशाचा हुता त्यो?"

"काही नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गठ्ठा घेऊन खाली गेले. त्यांनी कागद उलगडले, नेहमीसारखे नीट बघितले, आणि म्हणाले, "ठेवा हितं, मॅडम." सात वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तेव्हापासून ते मला मॅडमच म्हणतात. वागायला अगदी व्यवस्थित, कुठं उणा शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

प्रोग्राम मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. तारखेवर जायचं नाही, ड्रॉइंगच्या चौकटीत लिहिलेला बदलाचा क्रमांक बघायचा, आणि दोन फाइलींत गोंधळ वाटला तर थांबून विचारायचं. सहा ओळी वाढल्या. आधीच लिहिल्या असत्या तर दोन प्लेटा वाचल्या असत्या, आणि मामांची ताईही राहिले असते. तेव्हापासून एकही ड्रॉइंग चुकीचं गेलेलं नाही. साहेब बाहेरच्या लोकांना पुन्हा "आमच्या डिपार्टमेंटचा प्रोग्राम" असं सांगायला लागले. मी तेही ऐकून घेतलं. एप्रिलपर्यंत सगळं ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं.

एप्रिलमध्ये त्या टेबलावर एक मुलगी येऊन बसली. सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजची, नुकतीच पास झालेली. इतकी वर्षं मी मनाशी घोकत आले होते की बाई आहे म्हणून मला देत नाहीत. ते कारणही तिनं काढून घेतलं. मी साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तुम्ही शब्द दिला होता." ते चष्मा पुसत म्हणाले, "मी सांगितलं हो मालकांना. पण मलाच वाटलं, तुमची तिथं घडी बसलीय. मी म्हटलं त्यांना, मॅडमना प्रिंटचंच काम आवडतं." बोलायला हातात होतं काय? जो कागद तेव्हा दाखवायचा होता तो आता वर्षानंतर दाखवला असता तर मालकांनी पहिला प्रश्न मलाच विचारला असता, इतके दिवस कुठं होता.

ती मुलगी हुशार आहे. मला तिचा राग करता येत नाही, प्रयत्न करून पाहिला. दुसऱ्याच आठवड्यात ती तिच्या पहिल्या ड्रॉइंगच्या प्रिंट घ्यायला माझ्याकडं आली. मी फोल्डर दाखवलं, कागद सरसर यायला लागले. ती वाकून पडद्यावरच्या ओळी वाचायला लागली. आजवर ऑफिसात कुणी त्या ओळी वाचल्या नव्हत्या.

"मॅडम, हे किती छान लिहिलंय! कुणी केलं?"

"मी."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुम्ही? मग तुम्ही डिझाइनला का नाही गेलात?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि सांगायला माझ्याकडं सगळं होतं, साहेब, जिना, मुठीतला कागद, मामा. ती चांगली मुलगी आहे, तिनं ऐकून घेतलं असतं, कदाचित शहाणीही झाली असती.

मी हसले आणि म्हणाले, "मला प्रिंटचंच काम आवडतं गं."

तिला ते लगेच पटलं.